पान एकतीस

वाचनालयात बुधवारी दुपारी माझं टेबल असतं,
नकाशांच्या कपाटाला लागून.
वर पाटी: विम्याचे कागद वाचून मिळतील. फुकट.
चाळीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
वळण कुठे दगा देतं एवढं कळतं.

ओलेटा क्रॅबट्री पॉलिसी पिशवीतून घेऊन आली,
आजारी कोंबडी आणावी तशी, पोटाशी धरून.
मागे वेंडेल, सात वर्षांचा.
डाव्या कानात जुनं यंत्र,
मावसभावाला लहान झालेलं,
याला अजून मोठं.

"फोनवरचा माणूस गोड होता हो."
गोड असतातच.
कागदावर सोनेरी दीपगृह, नावातही सोनं.
नाव सोनूबाई;
हाती काय आहे ते बघायला
आम्ही दोघांनी चष्मे चढवले.

पान तीन. ही योजना राज्याच्या किमान अटी
पूर्ण करीलच असं नाही.
'असं नाही' खालच्या ओळीत,
मुंगीच्या पावलांनी गेलेलं.
पान अकरा. मुदत चार महिने.
पान एकोणीस. आधीपासूनचा आजार,
व्याख्या इतकी ऐसपैस
की जन्मसुद्धा मावला असता.
पान एकतीस. यात धरलेलं नाही:
केसांचं रोपण, कान टोचणं, श्रवणयंत्र
ओलेटाचं बोट तिथेच राहिलं.

पलीकडच्या काठाला तिची बहीण थेडा.
तिथल्या राज्याने कायदाच केलाय,
अठराच्या आतलं मूल असेल
तर दोन्ही कानांचा खर्च विम्याने द्यायचा.
पुलावरून अकरा मिनिटं.
ओलेटा रोज जाते तिकडे,
हॉस्पिटलच्या चादरी धुवायला.

"म्हणजे तिकडे राहिलो असतो तर
याला ऐकू आलं असतं?"

मी चष्मा पुसला.
कायदा विचारतो, रात्री झोपता कुठे,
पत्रपेटीवर नाव कुणाचं.
दिवसभर कुणाच्या चादरी धुता
ते नाही विचारत.

राज्याच्या विमा खात्याला फोन लावला.
बेचाळीस मिनिटं तोच पियानो.
वेंडेलने फोन उजव्या कानाला घट्ट दाबून धरला,
त्याला आवडला.
मग एक दमलेला आवाज, प्रुइट नावाचा:
कंपनी नोंदलेली आहे, योजना कायदेशीर आहे.
जरा थांबून,
"कायदेशीर म्हणजे चांगली, असं मी म्हटलं नाही, बाई.
कागद हातात कधी पडले?"
गेल्या आठवड्यात, सोमवारी.
आम्ही बोटांवर मोजलं. फोनमध्ये तोही मोजत होता,
ऐकू येत होतं.
नऊ.
"तुमच्या राज्यात दहा दिवस मिळतात.
लेखी परत करा, सगळे पैसे परत.
शिक्का आजचा हवा. उद्यावर टाकू नका."

चार वाजून पाच. पोस्ट साडेचारला बंद.
उशिरा आणलेल्या पुस्तकांच्या फॉर्मच्या पाठीवर
मी सांगितलं, तिने लिहिलं:
पॉलिसी परत करीत आहे, रक्कम परत पाठवावी.
पुढचं तिने मला न विचारता लिहिलं:
कारण पान एकतीसवर बघा.

शिक्का पडला. पोचपावती तिने दोनदा दुमडून
बुटात ठेवली. का, ते विचारलं नाही.

बाहेर पुलावर ट्रकांची रांग लागलेली.
मधोमध गंजकी पाटी, पलीकडच्या राज्यात स्वागत आहे.
नवी नोंदणी सुरू व्हायला सात आठवडे.
तोवर काय?
थेडाकडे एक खाट आहे, ओलेटा म्हणाली,
पण भाडं इथलं भरलंय वर्षाचं.
माझ्या पाटीवर फक्त वाचून मिळेल एवढंच लिहिलंय.

वेंडेलने यंत्र काढून खिशात टाकलं.
"फार खरखरतं," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच,
आणि ओलेटा, बोलायच्या आधी,
सवयीने त्याच्या उजव्या बाजूला गेली.