तिसरा थेंब

ड्रमचं झाकण उघडलं की आधी वास येतो,
थोडा अमोनियाचा, थोडा नव्या भिंतीचा,
आणि मग ते दिसतं: पांढरं, दाट, गप्प.
अंबडच्या आमच्या शेडमध्ये नवी पोरं त्याला दूधच म्हणतात.
दूध नाही. पण दुधासारखं नासतं,
तेही थंडीनं.

परवा निफाडला पारा चारवर होता.
आमच्या पत्र्याखाली किती, कुणी मोजलं नाही.
एक ड्रम गेला. चाळणीवर गाठीच गाठी.
"ताई, चक्का बांधला याचा," भिकन अहिरराव म्हणाला.
हसलो.
मग ड्रमची किंमत आठवली.

आज येऊन बघते तर उरलेल्या तिनांपैकी
मधल्याच्या अंगावर घोंगडी.
त्याचीच, साक्रीहून आणलेली, काळी,
काठाला तांबडा दोरा.
"आणि रात्री तू?"
"मला ओव्हनची भिंत आहे की."

मी कप भरला.
तळाच्या भोकातून धार, आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद:
अठ्ठावीस. पातळ.
थिकनर, थेंबाथेंबानं, ढवळत.
एकेचाळीस. चालेल.

कापड मालेगावचं.
मुख्तार अन्सारीच्या टेम्पोतून उतरतं तेव्हा
अंगात अजून मागाची खळ असते,
आणि कान लावला तर, मला वाटतं, खडखडाटही.
रोलरवरून येतं, पात्याखालून जातं.
पातं कापत नाही,
किती घ्यायचं तेवढं फक्त सांगतं.
पहिला हात कापड पिऊन टाकतं.
दुसरा वर राहतो.

मग ओव्हन, बावीस मीटर.
आत काय घडतं ते आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही,
मी नुसतं शिकलेय:
पाण्यात अगणित कण, सारख्याच विजेचे,
म्हणून एकमेकांना टाळणारे.
पाणी आहे तोवर अंतर आहे.
पाणी उठून जातं.
कण कणाला टेकतो, गोलपणा सोडतो,
शेजाऱ्याच्या कुशीत सपाट होतो,
आणि मधली शिवण विरते.
ऊब कमी पडली तर विरत नाही.
मग उन्हाळ्यातल्या गाळासारख्या भेगा,
आणि पुण्याहून फोन.

पाण्यात वाढलेलं
नंतर पाण्यालाच दार लावतं.
गंगेवर जन्म काढलेले माझे मामा
कुंडाच्या पायरीवर उभे राहतात, पाय बुडवत नाहीत.
कोण गेलं होतं, विचारलं तर
भाजीचा भाव सांगतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर गेटवरचं यंत्र
अंगठा घेईना. पुन्हा. पुन्हा.
अंगठ्यावर माझ्याच बॅचची साय.
नखानं सोलली, अख्खी निघाली,
आत माझ्या रेषा, भोवरा उलटा फिरलेला.
फेकवली नाही.
ओळखपत्राच्या पाकिटात आहे, फोटोच्या मागं.

रात्री साडेदहा. शेवटची चाचणी.
कापडाचा तुकडा आवळायचा, खालून पाणी चढवायचं,
बॅटरी तिरपी धरून बघत राहायचं.
पहिला थेंब माफ. दुसराही.
तिसरा आला की तिथला आकडा लिहायचा.
पंधराशेला पहिला आला, मोहरीएवढा.
सोळाशेला दुसरा.
तिसऱ्याची वाट बघताना
कुणी मोठ्यानं श्वास घेत नाही.
अठराशे वीस.
लिहिलं.

"आता हिला लावा," भिकन म्हणाला,
आणि घोंगडीचं टोक यंत्रापाशी आणलं.
लावलं. दीडशेच्या आतच
तिन्ही थेंब एकदम, जरा जास्तच.
मी काही बोलले नाही.
तो थेंबांकडे बघत राहिला, मग काट्याकडे,
मग माझ्याकडे, जरा रागानंच:
"पानीले इतला दाब कोठे ऱ्हास, ताई?"

आणि ओलं टोक बाहेर ठेवून
ड्रमला पुन्हा नीट गुंडाळली.