दाते खाली

मशीनचे दाते खाली पाडले
की कापड कुणाचंच नसतं.
तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले मी,
दाते ओढतील तशी सरळ शिवण, मी नुसती बसलेली.
आता ओढणारं कुणी नाही.
हातांनी न्यायचं, पायाने वेग धरायचा,
आणि सुई मधोमध, एकाच जागी वरखाली,
तिला कशाचं काही पडलेलं नाही.

आधी चौकोनांवर शिकले. वीतभर कापड, आत कापूस.
नागमोड, गोटे, नेच्याची पानं.
बेचाळीस चौकोन बिस्किटांच्या डब्यात,
प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख.
एर्मेलिंदाबाय आली, पत्त्यांसारखे पिसले तिने,
म्हणाली, "कुडक्यांचेर कोण न्हिदता गो?"
आणि चहा न घेता गेली.

मग गणवेशांच्या उरलेल्या निळ्या पट्ट्या काढल्या,
आईचं एक लुगडं, आणि उल्हासची फाटकी लुंगी.
तो रात्रपाळीला फेरीबोटीवर असतो,
दिवाडी ते रायबंदर, रायबंदर ते दिवाडी,
दोन खेपांच्या मधे बाकड्यावर आडवा होतो.
त्याच्या मापाची गोधडी.

चौकोनाला वजन नसतं, हे तेव्हा कळलं.
गोधडी टेबलावरून खाली लोंबते,
ओल्या जाळ्यासारखी ओढते.
खुर्ची लावली, खुर्चीवर उशी, उशीवर तांदळाचा डबा.
भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, पकड यावी म्हणून.
तरी सुई टक्‌कन मोडली,
अर्धी कुठे गेली ते संध्याकाळपर्यंत झाडूने शोधत होते.

वरून सगळं छान. उलटून पाहिलं
तर खाली दोऱ्याचं घरटं, मुठीएवढं.
ते उसवलं. पुढचंही उसवलं.
तिसरं राहू दिलं.

"भरतीला बोट सरळ नेता येत नाही,"
उल्हास जेवताना म्हणाला, माशाचा काटा काढत,
"थोडी वर धरून सोडायची, पाणी आणतं धक्क्याला."
"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"
"माणसं चढलेली असायची," म्हणाला.
"स्कूटरी, भाजीच्या पाट्या. एकदा वऱ्हाड."
आणि सोलकढी मागितली.

पहिला कोपरा बघवत नाही. टाके उड्या मारतात,
कुठे राईएवढे, कुठे भाताएवढे.
दुसऱ्यात दात आवळल्याचं दिसतं.
तिसऱ्यात लाइट गेली होती.
चौथा मात्र
कधी झाला मला आठवत नाही.
रेडिओवर भाव सांगत होते, बांगडा, तारली,
आणि हात खाजणातल्या ओहोळासारखे
वळत होते, बांध आला की वळत होते.

त्याने घडी उलटी घातली, घरटं वर.
"हे काय?"
"तिथे सुई मोडली."
"मग पाय तिथे करीन," म्हणाला,
काखेत मारली आणि निघाला.

धक्क्यावरून भोंगा आला.
टेबल रिकामं. खुर्चीवरची उशी दबलेली.
डब्यातले तांदूळ परत पिंपात ओतले,
आणि दाते
वर घ्यायचे राहूनच गेले.