कसर

मी फक्त फोटो काढते.
निदान लिहिणारे वेगळे, वरच्या मजल्यावरचे.
"श्वास धर, हलू नकोस", दिवसातून साठ वेळा
एवढंच माझं बोलणं,
उलानबातरच्या हिवाळ्यात, जेव्हा कोळशाचा धूर
दुपारी तीनलाच दिवे लावायला लावतो.

ओत्गोनबिलेग. वय तेरा. उजवा गुडघा.
बापानं आत येताच सांगून टाकलं: घोडा.
तांबूस, शर्यतीत अडखळला, जुलैत.
आता नोव्हेंबर.
मधल्या महिन्यांत हाडवैद्यानं दोनदा चोळलं,
तालुक्याच्या दवाखान्यानं गोळ्या दिल्या,
आजोबा म्हणाले, पोर वाढतंय, हाडं ताणतात.
कुणीच खोटं बोललं नव्हतं.
घोडा खरंच अडखळला होता,
पोरगा खरंच वाढत होता.
फक्त मार लागलेलं हाड रात्री निजतं,
आणि हे रात्रीच उठवायचं.

पडद्यावर मांडीचं हाड आलं.
गुडघ्याच्या जरा वर, जिथं ते रुंदावतं,
तिथं कसर लागलेल्या लोकरीसारखं.
मोडलेलं नाही. विरलेलं.
मी त्याला म्हणाले, शाब्बास, हलला नाहीस.

मग डॉक्टर उयांगानं हाडाचा कण काढला.
काचेवर गोल, निळ्या, दाटीवाटीच्या पेशी;
अशा अनेक रोगांच्या दिसतात म्हणे,
कुठल्या गावच्या, ते रंग लावून विचारावं लागतं.
त्या आठवड्यात बाप जिन्यात भेटला.
"पाय कापतील?"
मला ठाऊक नव्हतं. मी फक्त फोटो काढते,
असं त्यालाही सांगितलं, आणि दिवसभर
ते वाक्य माझ्या दातांत अडकलं.

रंग चढला तपकिरी.
लिम्फोमा, उयांगा म्हणाली.
गळ्यात, काखेत गाठी धरणारा हा रोग
याच्या हाडातच बिऱ्हाड करून बसलाय.
पोरांत क्वचित. फार क्वचित.
"म्हणजे वाईट?"
"पाय राहील."
पुढं ती बरंच सांगत होती,
महिने, सलाईन, केस, ताप आला तर काय,
आणि तो मान हलवत होता,
"पाय राहील"च्या पुढचं काहीही न ऐकता.
पहाटे त्याच्या आईनं पार्किंगमध्ये उभं राहून
चमच्यानं दूध आभाळाकडं उडवलं.
गाड्यांच्या काचांवर ते गोठलं.

फेब्रुवारीत तो पुन्हा माझ्या टेबलावर.
औषधानं गाल फुगलेले,
रात्री दोनला मटणाचे मोदक मागतो म्हणे.
पावलं बधिर झालीत;
रिकिबीत पाय आहे की नाही, ते आता
खाली बघूनच कळेल, असं हसत म्हणाला.
मग खिशातून मेंढीच्या घोट्याचं हाड काढलं,
खेळायचं, झिजून गुळगुळीत झालेलं.
"याचा काढ."
नियमात बसत नाही.
मी काढला.

इवलंसं, पांढरं, काठोकाठ भरलेलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
"हिला काही झालेलं नाही."
"मेंढी मेलीय," मी म्हणाले.
तो इतका हसला की टोपी टकलावरून घसरली.

त्याचा स्वतःचा फोटो शेजारी होता.
भोकं होती अजून. कडेला काही ठिकाणी भरल्यासारखं.
बरं झालेलं भोक आणि न झालेलं
फोटोत कितीतरी महिने सारखंच दिसतं.
तो विचारेल म्हणून मी शब्द जुळवत होते.
त्यानं विचारलं नाही.
हाड टेबलावर टाकलं. त्याला घोडा हवा होता.
उंट पडला. परत टाकलं. उंट.
बाहेर रांग खोकत होती.
मी दार उघडलं नाही.