रविवारची किर्द

लाल कापडी पुठ्ठ्याची वही, बोहरी आळी, सात रुपये.
पहिली नोंद तिचीच.
खजिनदार मी झालो, कारण बँकेत होतो
आणि पाना हातात घेतला की तो मलाच लागायचा.

इंजिन फुकट मिळालं.
साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीमागे
बाभळींनी त्याला बारा वर्षं धरून ठेवलं होतं.
आणायला मात्र अकरा हजार चारशे:
क्रेन, ट्रेलर, दिवे घाटात फुटलेला टायर,
आणि जकात नाक्यावर दीड तास वाद,
याला वाहन म्हणायचं की भंगार.
पावतीवर शेवटी आलं, 'लोखंडी सामान, जुने'.

घोरपडीच्या रुळांपलीकडे, बंद वीटभट्टीच्या जागेत
आम्ही सात जण.
भाडं वर्षाला एक रुपया
आणि मालकाच्या म्हशींना इंजिनाची सावली.

भडकमकरबाई शाळेत भूगोल शिकवायच्या,
त्यांनी बॉयलरच्या नळ्या मोजल्या. एकशे सहा.
धड, एकतीस.
धुराड्याच्या पेटीत मुंगसाचं बिऱ्हाड निघालं.
पिल्लं मोठी होईस्तोवर तिथलं काम थांबवावं,
ठराव मंजूर, चार विरुद्ध तीन.
(मी विरुद्ध होतो. आता लिहायला हरकत नाही.)

जुन्या बाजारात, बुधवारी, रजा टाकून
ॲल्विन पिंटोनं प्रेशर गेज शोधून काढलं,
एक मिक्सर आणि कुणाचीतरी कवळी, यांच्या मधून.
विकणारा म्हणाला, घड्याळ आहे, बंद आहे.
ॲल्विन म्हणाला, काटाही एकच आहे, कमी करा.
पस्तीस रुपयांत
आम्ही एक शून्य विकत घेतलं.

दुसऱ्या वर्षाची पानं भराभर उलटतात.
वर्गणी थकलेली. शेजवलकरांची नागपूरला बदली.
गुप्ते सोडून गेला, जाताना चेन-ब्लॉकही गेला.
कधी रविवारी दोघेच.
गंज खरवडायचा, वर रेड ऑक्साइड,
पुढच्या रविवारी त्यातून पुन्हा गंज,
वसुलीला आल्यासारखा.

यादगिरी यायचे. सायकल टेकवून नुसते बघायचे.
दौंड-मनमाड, एकोणतीस वर्षं,
आधी फायरमन, मग ड्रायव्हर.
हात कशालाच लावत नसत.
भडकमकरबाईंनीच एकदा विचारलं,
"आठवण येत असेल ना तुम्हाला?"
बिडी सायकलच्या सीटवर ठोकत म्हणाले,
"बाई, तुमचा धूर रविवारचा.
आमचा रोजचा होता."
आणि डावा गाल दाखवला, जिथे दाढी उगवत नाही.

हे कुठल्या खात्यावर टाकायचं, कळलं नाही.
पुढच्या रविवारी आले ते स्वतःचं फावडं घेऊन.
दांड्यावर दोन ठिकाणी लाकूड आत गेलेलं,
बरोबर त्यांच्या दोन मुठींएवढं.

इन्स्पेक्टर तीनदा आले.
पहिल्यांदा चार नळ्या पाझरल्या, दुसऱ्यांदा एक,
तिसऱ्यांदा फक्त ॲल्विन.

दगडी कोळसा, सहा पोती, नाना पेठ.
हमाली वेगळी.
पहाटे तीनला यादगिरींनी आग घातली
आणि आम्हाला लांब बसवलं.
"घाई केली की लोखंड रुसतं."
नऊ वाजून गेले, तेव्हा
पस्तीस रुपयांचा काटा
शून्यावरून उठला.

रूळ नव्वद फूट टाकले होते.
इंजिन अडतीस फूट गेलं.
मग एक स्लीपर बसला, पुढचं चाक उतरलं,
आणि दिवस जॅक लावण्यात गेला.
म्हशींनी मान वर केली नाही.
यादगिरी खाली उतरले, पावलांनी अंतर मोजलं,
पुन्हा एकदा मोजलं,
आणि मला म्हणाले, "लिहा."

चहा, अकरा कप, साडेसोळा रुपये, नावे.
जमेच्या बाजूला, रुपयांच्या रकान्यात,
अडतीस फूट.

हिशेब तपासायला आलेल्या जोगांनी
त्याच्याशेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.
मी ते खोडलेलं नाही.
त्या महिन्याची शिल्लक
अजून जुळत नाही.