आयत्या वेळचे विषय

शनिवारची सकाळची शाळा सुटली की साडेअकराला सभा.
मी अकरालाच आले,
बेदाण्याच्या शेडवरची अर्धी हजेरी सोडून,
बोटं दोनदा साबणानं धुऊन.
तरी पेन चिकटतच होतं.

सावळजच्या रस्त्याला आमची शाळा, दोन शिक्षकी.
व्हरांड्यातल्या फलकावर ताज्या रंगात
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती :
सौ. सारिका महादेव कोळेकर.
खालून बाबासो अण्णांचं नाव अजून दिसत होतं,
रंगाचा एकच हात मारलेला.

पाऊण तास कुणी आलं नाही.
मग सगळे एकदम आले.
पुरुष बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन.
बायका दाराशी, चपलांना लागून.
मी म्हटलं, आत या की.
त्या हसल्या. हलल्या नाहीत.

हाताची खुर्ची एकच.
मी बसले तशी ती कुरकुरली,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"म्हादूला लावून द्यायचं हुतंस, वैनी."

भाषण आणलं होतं मी,
बेदाण्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून,
'सन्माननीय'पासून सुरू होणारं.
तो पुठ्ठा मांडीखाली सारला.

लोखंडे सर वाचत गेले.
विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे. झालं कायम.
विषय दोन, जमाखर्च. मंजूर.
विषय तीन. माना डोलत होत्या
शेडातल्या चाळणीसारख्या,
खडा काय, मणी काय,
सगळंच खाली पडत होतं.
मी दोनदा तोंड उघडलं.
दोन्ही वेळा पाणी प्याले.

"विषय पाच.
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय."
सर थांबले. माझ्याकडं बघत राहिले.
मीही मागं वळून बघितलं, कोण अध्यक्ष ते.
मागं भिंत. भारताचा नकाशा,
कन्याकुमारीपाशी फाटलेला.

परवानगी मला मागता येते.
माहेरी जायची, शेडवर जायची,
काल रात्री या सभेला यायची सुद्धा.
ती देताना तोंड कसं करायचं असतं?

दाराशी रुबिना मुल्लाणीनं ओढणी सारखी केली.
"एक बोलू का?"
मी म्हटलं, "बोल."

पोरींच्या संडासाला कडी नाही, ती म्हणाली,
मागच्या दिवाळीपासनं.
एक आत गेली की दुसरीनं दार धरायचं,
धरणारीला पोरं दारवान म्हणतात.
म्हणून पोरी शाळेत पाणीच पीत नाहीत.

माझी तिसरीत आहे.
घरी आली की दप्तर न काढता
तांब्याभर पाणी पिते एका दमात.
मला वाटायचं, ऊन आहे.

पुरुष पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता.
बाबासो अण्णा म्हणाले, "फुडल्या सभंत घिऊ."
मी विचारलं, "कडी कितीला येते?"
कुणालाच माहीत नव्हतं.
मग सतीश सुतार उठला,
"माझ्या गाडीच्या डिकीत हाय एक. जुनी हाय पण."

सभा तशीच उठून मागं गेली, संडासापाशी.
सतीशनं कडी आपल्या खांद्याच्या उंचीला धरली.
दाराशी बसलेल्या बायका एकदम ओरडल्या,
"आरं, पयलीतल्या पोरींनी काय शिडी आणायची?"
मग पहिलीतली सगळ्यांत बुटकी पोर,
कुंभारांची आर्या, दाराला पाठ लावून उभी केली,
हात वर कर म्हटलं.
तिची बोटं जिथं पोचली तिथं पेन्सिलीची खूण.
भोकं पाडेस्तोवर दार हलत होतं,
ते धरलं बाबासो अण्णांनी.

परत येऊन सरांनी लिहिलं, 'सर्वानुमते ठरले.'
मी म्हटलं, कुणी मांडलं त्याचं नाव घाला.
रुबिना दारातनं आत आली, वहीत वाकून बघायला,
चप्पल काढायची विसरून.
"ह्यात नाव येतंय व्हय?"

विषय चार राहिलाच, तांदळातल्या किड्यांचा.
सर म्हणाले, अध्यक्ष, तारीख?
मी बोटांवर हजेऱ्या मोजल्या.
पुढचा शनिवार.
आणखी अर्धी जाईल.