पथ्याची वही

एकतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये चूक शोधली.
फुटलेली शाई, सरकलेली रेघ, लंगडा आकडा.
बोटाखालून कागद गेला की कळायचं.
त्यामुळेच असेल,
जेल रोडच्या बोळात ही अर्ध्या कानाची समोर आली
तेव्हा हात आधी तांबड्या पेन्सिलीकडे गेला.
खिशात पेन्सिल नव्हती. बिस्किट होतं.

नाव ठेवलं रद्दी.
शोभतं का तुम्हाला, मंदाकिनी म्हणाली.
आता तीच हाक मारते, रद्दे, ए रद्दे,
आणि शेवटचा एकार
इतका लांबवते की मला कधी लांबवला नाही.

डॉक्टर कोठावदेबाईंनी रक्ताचा कागद पुढे सरकवला.
क्रिएटिनिन तीन पूर्णांक आठ.
मूत्रपिंडं थकलीत, म्हणाल्या.
दूध बंद. मीठ बंद. सुक्या बोंबलाचा वासही नको.
कांदा नको. कच्चा नको, शिजलेला नको, रश्शातला नको.
द्राक्ष नको, बेदाणा नको.
मी बघत राहिलो.
अहो बाई, हे नाशिक आहे.
इथे ट्रॅक्टरमागे रस्ताभर कांदा सांडलेला असतो,
फेब्रुवारीत पाहुणा पेटीशिवाय दार वाजवत नाही.
जिल्ह्याचं अख्खं वैभव
या दोन किलो नऊशे ग्रॅमला विष?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, लसूणसुद्धा.

औषधी खाण्याची पिशवी आणली,
दीड किलो, एकोणीसशे रुपये.
रद्दीने हुंगलं,
मग पुढच्या पंजाने वाटीभोवतीची फरशी खरवडली,
घाणीवर माती ओढावी तशी.
एवढा स्वच्छ शेरा
आमच्या साहेबांनाही कधी जमला नाही.

मग सराफ बाजारातून जुना काटा आणला,
गुंजेचा फरक दाखवणारा.
त्यावर उकडलेला भोपळा तोलला. नको.
अंड्याचा पांढरा. चाटला, सोडला.
मंदाकिनीने बाल्कनीत वेगळी शेगडी मांडली,
नाकाला पदर लावून कोंबडी उकडली,
हळद नाही, फोडणी नाही,
आणि पातेल्याकडे पाठ करून विचारलं,
खाल्लं का हो तिने?

दोन दिवस तिने काहीच खाल्लं नाही.
वहीत मी दोनदा शून्य लिहिलं,
तिसऱ्यांदा लिहवेना.
रात्री साडेदहाला बाईंना फोन केला.
त्या म्हणाल्या, उपाशी राहणं आजाराहून वाईट.
आधी जे खाईल ते द्या, काका.
पोटात गेलं तर ते पथ्य,
वाटीत राहिलं तर नुसता हिशोब.

सकाळी भद्रकालीत गेलो.
शकीलाबीने रोहूचा तुकडा काट्यावर टाकता टाकता विचारलं,
घरात कोण आजारी?
मी म्हणालो, आहे एकजण.
तिने काटे स्वतः काढून दिले,
वर म्हणाली, नाकाला कळेल इतकं कोमट करा,
गार अन्न आजाऱ्याला परकं वाटतं.

तीन वाटे रोहू, एक वाटा पिशवीतलं, चुरून,
वर उकडीचं पाणी.
वाटी ठेवली आणि दुसरीकडे बघितलं.
छपाई सुरू व्हायची तेव्हा असेच उभे राहायचो आम्ही,
श्वास अर्धा.

चप्. चप्.
मंदाकिनी मिसरीचं बोट तोंडात धरून दारात थबकली.

सत्तेचाळीस ग्रॅम.
उद्या अडीचास दीड करून बघायचं,
परवाचं परवा.
मूत्रपिंडं काही नवी छापून मिळत नाहीत,
हे मला कळतं. बाईंनाही कळतं.
शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवला.

मग मी माझं ताट ओढलं.
रक्तदाबामुळे जानेवारीपासून मलाही मीठ नाही.
मुगाची अळणी खिचडी, पांढरीफटक.
रद्दी मिशा पुसत आली,
ताटाच्या कडेशी नाक नेलं,
माझ्याकडे एकदा नीट बघितलं,
आणि फरशी खरवडली.