देठ परीक्षण

सकाळी पहिलं काम, न्हाणीच्या जाळीवरून
गुंतवळ उचलणं. ओलं, काळं. बोटाभोवती गुंडाळून
फरसाणाच्या जुन्या बरणीत.
मोजायचं सोडलंय. मोजण्याचा मला पगार मिळतो.

आडगाव नाक्याजवळ आमची प्रयोगशाळा.
मोहाडीहून, खेडगावहून कागदी पिशव्या येतात,
एकेका पिशवीत साठ देठ,
घडासमोरच्या पानाचे.
धुते, वाळवते, दळते,
मग आम्लात सोडते. या पायरीला आम्ही
डायजेशनच म्हणतो.
दोन-तीन तासांत सगळं विरतं, पाण्यासारखं नितळ होतं.
फुगत नाही, दुखत नाही.
चंचुपात्राचाही हेवा वाटू शकतो माणसाला.

गांगुर्डे विचारतात, ताई, लोह कमी कसं?
तीनदा टाकलंय की.
मी रिपोर्टवर बोट ठेवते.
जमिनीत आहे, भाऊ. वेलीला उचलता येत नाही.
चुनखडी आहे तुमच्याकडे.
म्हणून पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.
ते मान हलवतात. पटलेलं नसतं.
घालू तेवढं मिळतं, असंच शिकलोय ना सगळे.

मलाही पटलं नव्हतं.
अळिवाचे लाडू, खजूर, बीट,
लोखंडी कढईतली मेथी,
लासलगावच्या नणंदेनं सांगितला म्हणून
डोक्याला कांद्याचा रस
(आठ दिवस माझ्या शेजारी कोणी डबा उघडेना)
आणि अंगात ताकद यावी म्हणून
दोन्ही वेळा दोन-दोन चपात्या, तूप लावून.
चार वर्षं.

फेरिटिन सहा.
तो कागद मी आमच्याच रकान्यांत वाचला.
लोह: अत्यंत कमी. जस्त: कमी.
बी-ट्वेल्व: कमी.
शिफारस: कोरी.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात
डॉक्टर चंद्रात्र्यांनी दुर्बिणीतला फोटो फिरवून दाखवला.
आतड्याला आतून लव असते, म्हणाले, मखमलीसारखी.
अन्नातलं सगळं तीच उचलते.
तुमची झिजलीय. गव्हानं.
पडद्यावर गुलाबी, गुळगुळीत भिंत.
मला एकदम रामकुंडावरची
दहाव्याला नुकतीच उतरवलेली डोकी आठवली.

म्हणजे आधी आत गळलं होतं.
वर बातमी उशिरा पोचली.

आता पखाल रोडचे युसूफभाई कोकणी
गिरणी उघडतात तेव्हा पहिली ज्वारी माझी.
आदल्या दिवसाचा गहू जात्यात राहतो,
म्हणून आधी घरचे दोन किलो तांदूळ फिरवतात,
त्याचे पैसे घेत नाहीत.
मी त्यांना लव वगैरे काही सांगितलेलं नाही.
वावडं आहे, एवढंच.

हिंगातही गव्हाचं पीठ असतं
हे तिसऱ्या महिन्यात कळलं.
त्या रात्री रडले.
केसांसाठी नाही. मिसळीच्या तर्रीसाठी.

मंगळवारी केसांवर भांडी देणारी आली.
बरणी तिच्यापुढे उपडी केली.
तिनं चिमटीत धरून ओढून पाहिलं,
पातळ हाय बाई, म्हणाली,
आणि चहाची गाळणी दिली. बारकी.

लोह मला आता सलाईनमधून मिळतं,
गांगुर्ड्यांच्या वेलींना फवाऱ्यातून, थेट पानावर.
परवा ते एक फांदी घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून.
शेंडा हिरवा झालाय ताई,
पण खालची पानं पिवळी ती पिवळीच.
ती नाही बदलायची भाऊ, म्हटलं,
जुनी आहेत ती. शेंडा बघा.
आणि बोलता बोलता माझा हात भांगाकडे गेला,
जिथे पंधरा दिवसांपासून काहीतरी आखूड, मऊ,
तेल लावलं तरी न बसणारं,
उभंच राहतंय.